फुटामागे एक सूत

आमच्या टेनामेंटच्या, म्हणजे सोसायटीतल्या बैठ्या घराच्या, पोर्चमध्ये गाडी कधी उभी राहिली नाही. बिल्डरने नकाशात तिथे छान चार चाकांचं चित्र काढलं होतं, पण आम्ही राहायला आल्यापासून तिथे यंत्रंच उभी आहेत. सोसायटीतल्या बाकीच्या दारांत तुळस, मोगरा, एखादा झोपाळा. आमच्या दारात गंजलेलं बीड, ओतीव लोखंड. माझी बायको शैला कुणालाही घराचा पत्ता सांगताना म्हणते, "भंगारवाल्याचं दुकान दिसलं की थांबा, तेच आमचं." मी रागावतो, पण येणारा माणूस न चुकता येतो.

मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होतो. निवृत्त झाल्यावर माझे सोबती चारधामला गेले, मी लाट्या फिरलो. लाटी म्हणजे लाकडाची वखार. बडोद्यातल्या जुन्या लाट्या आता एकेक करून बंद होतायत आणि तिथे फ्लॅट उभे राहतायत. तिथली आजोबांच्या वयाची विलायती यंत्रं, रंधा मशीन, लेथ, फिरत्या पट्ट्याची करवत, सगळी फोडून भट्टीत जातायत. बिडावर घण पडतो तो आवाज मला ऐकवत नाही. म्हणून जमतील तेवढी उचलून आणायची, घरी नीट करायची आणि ज्याला खरंच लाकूडकाम करायचं आहे त्याच्याकडे पाठवायची, असा उद्योग मी मांडला. हे लिहायला सांगणाऱ्या संपादकांना वाटतं यात काहीतरी मौज असणार. आहे, थोडी आहे. पण मला जे सांगायचं आहे ते फारसं मौजेचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

जुनं यंत्र नीट करणं म्हणजे त्याला रंग देणं नव्हे. यंत्र घरी आलं की आधी मी त्याला हत्यार लावतच नाही. हाताने चाक फिरवतो आणि ऐकतो. घोडं कुठे पेंड खातंय ते कानाला कळतं. मग रॉकेल, तारेचा ब्रश आणि बरीच चिकाटी. रंग खरवडताना हिरव्याखाली निळा निघतो, निळ्याखाली शेंदरी. जितके मालक झाले तितके थर. अडकलेला बोल्ट शिव्यांनी निघत नाही, हे मला चाळीस वर्षं नोकरी करूनही पटलेलं नाही. तो शेवटी तापवून आणि तेल पाजूनच निघतो, पण शिव्या दिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

गिऱ्हाइकंही नग भेटतात. अलकापुरीत कॅफे काढणारा एक आपल्यातलाच मुलगा आला होता. त्याला एक जुनी लेथ हवी होती, कोपऱ्यात उभी करायला. म्हणाला, "काका, चालली नाही तरी चालेल. फक्त सोनेरी रंग मारून द्या." मी म्हटलं, "तुला चालेल रे, मला चालणार नाही." शैलाने त्याला चहा पाजून माझ्या वतीने माफी मागितली. संखेड्याकडचे एक वयस्क कातारी आले होते, लाकडी पाये, कठडे कातणारे. त्यांच्या लेथचा दांडा झिजून इतका डुगडुगत होता की बघवत नव्हतं. मी बेअरिंग नव्याने ओतून, घासून, दांडा केसभरही हलणार नाही असा बसवून दिला. थोड्या दिवसांनी म्हातारबाबा परत हजर. "भाई, पाया आता वाकडा येतो." जन्मभर त्या डुगडुगण्याला सांभाळून घेत त्यांचा हातच तसा घडला होता, यंत्र सरळ झालं आणि हात चुकायला लागला. जित्याची खोड म्हणतात ती हाताचीही असते. मी दात-ओठ खात बेअरिंग पुन्हा ढिलं करून दिलं. फिटरच्या जातीला याहून मोठी शिक्षा नाही.

पण यंत्राचा एखादा भाग तुटलेला असला की एकट्या फिटरचं काही चालत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या यंत्राचे भाग कुठल्या दुकानात मिळणार? ते नव्याने ओतून घ्यावे लागतात. आधी त्या भागाची लाकडी प्रतिकृती करायची, तिला पॅटर्न म्हणतात. फाउंड्रीवाला ती रेतीत दाबतो, अलगद काढून घेतो आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओततो. ऐकायला सोपं आहे. पण बीड थंड होताना आकसतं. फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. तेव्हा पॅटर्न मूळ भागापेक्षा तेवढा मोठाच करावा लागतो. दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्नवाल्यांकडे एक वेगळी पोलादी पट्टी असते. दिसायला साध्या फूटपट्टीसारखी, आकडेही तेच, पण तिच्यावरचा फूट आपल्या फुटापेक्षा सुताने लांब. तुटलेला भाग मोजायचा साध्या पट्टीने आणि लाकूड कापायचं या पट्टीने. कांतिभाई तिला "मोटी पट्टी" म्हणत.

कांतिभाई माझे मित्र. जातीचे सुतार, गुजराती, आमच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. आमची ओळख भांडणातून झाली. मी सांगलीकडून नुकताच बडोद्याला आलो होतो, गुजराती ठो समजत नव्हतं. त्यांच्या पॅटर्नवरून ओतलेला एक ब्रॅकेट मी बसवत होतो. मागून एक किरकोळ माणूस आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "आ खोटुं छे." माझं डोकंच फिरलं. मी काय खोटं बोललो? मी पान्हा घेऊन उभा राहिलो. आजूबाजूच्यांनी मला धरलं आणि समजावलं की गुजरातीत खोटुं म्हणजे चुकीचं. मी खरोखरच तो ब्रॅकेट उलटा लावला होता. मग तो माणूस काळजीने म्हणाला, "भाई, खोटुं नहीं लगाडता." ते ऐकून मी आणखी चक्रावलो. खोटुं लागणं म्हणजे मनाला लागणं, वाईट वाटणं. एकाच शब्दात चूक, आणि त्याच शब्दात दुखावणं. आमचं मराठी खोटं तर तिसरंच.

तेव्हापासून आमचं एक ठरून गेलं. ते माझ्याशी मराठी बोलायचे, मी त्यांच्याशी गुजराती. दोघंही भयंकर बोलायचो. शैला म्हणायची, "तुम्ही दोघं आपापल्या भाषेत बोला, निदान एकाचं तरी आम्हाला समजेल." पण एकमेकांच्या भाषेचा असा मान ठेवायची सवय लागली ती लागली. निवृत्तीनंतर त्यांनीही आमच्या मागच्याच गल्लीत घर घेतलं. त्यांच्या पत्नी गेल्या होत्या. मुलगा नंदेसरीला केमिकल कंपनीत, दिवसभर बाहेर. घरी सून हेतल. मागच्या पडवीत त्यांनी आपलं सुतारी टेबल मांडलं होतं. मी यंत्र आणायचो, तुटलेलं काही असलं की त्यांच्याकडे न्यायचो, ते पॅटर्न करायचे, मकरपुऱ्याचे मनहरभाई ओतून द्यायचे. कांतिभाईंच्या पॅटर्नचा कोपरा कधी टोकदार नसायचा. आत मेण भरून त्यावरून ते अंगठा असा फिरवत की गोलाई साच्यातून अल्लद सुटायची. इतक्या वर्षांत त्यांच्या पॅटर्नवरचा भाग मला कधी परत करावा लागला नव्हता.

एका बंद पडलेल्या लाटीतून मी एक मोठा बेनसॉ आणला, पट्ट्याची करवत. त्याचं टेबल दोन अर्धचंद्रांवर बसलेलं असतं. टेबल तिरकं करायचं असलं की ते या अर्धचंद्रांवरून सरकतं. त्यातला एक अर्धचंद्र तुटला होता. कुणीतरी वेल्डिंग मारलं होतं, तर तो वेल्डिंगच्या शेजारी पुन्हा तुटला होता. बीड तसंच करतं. कांतिभाई बेनसॉभोवती फिरून आले. त्यांचे डोळे चमकत होते.

"विनुभाई, हा मशीन विकायचा नाय," ते म्हणाले. "मला पायजे. टेबल वाकडा होतो ना, तो पायजे."

त्याचं कारण असं, की पॅटर्नच्या कडा किंचित उतरत्या असाव्या लागतात, नाहीतर तो रेतीतून निघताना साचा ढासळतो. जन्मभर त्यांनी हा उतार हाताने तासून काढला होता. तिरक्या टेबलाची करवत त्यांना फाउंड्रीने कधी दिली नाही. मी म्हटलं, "तमारो ज छे, कांतिभाई. अर्धचंद्र बनावो, मशीन तमारुं."

त्यांनी पॅटर्न दिला, नेहमीसारखाच देखणा. मनहरभाईंनी ओतून दिला. मी बसवायला गेलो तर अर्धचंद्र आपल्या खाचेत खडखड वाजला. सुताने लहान. मी तसाच तडक मनहरभाईंच्या शेडमध्ये गेलो आणि त्यांच्यावर जमदग्नीसारखा बरसलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे पॅटर्न माझ्या हातात ठेवला. "मापी जुओ." मी मोजला. पॅटर्न मूळ अर्धचंद्राएवढाच होता, तंतोतंत. आकसण्यासाठी सोडायचं सूत त्यात नव्हतंच.

घरी येताना माझ्या लक्षात आलं काय झालं असावं. त्यांनी मोजलंही मोट्या पट्टीने आणि कापलंही मोट्या पट्टीने. लांब फुटाने मोजलं की माप कमी भरतं, त्याच फुटाने कापलं की ते पुन्हा होतं तिथे येतं. शिकाऊ पोरसुद्धा अशी चूक पहिल्या महिन्यातच करतं आणि कानाला खडा लावतं. कांतिभाईंकडून ती झाली यावर माझा विश्वास बसेना. होतं एखाद्या वेळी, असं मी मनाला समजावलं. त्यांना सांगितलं, की मनहरभाईंच्या ओतकामात घोळ झाला, पॅटर्न जरा बिघडला, दुसरा करून द्या.

कांतिभाई माझ्याकडे बघत राहिले. "मनहरकडून? तो असा करत नाय," एवढंच म्हणाले.

दुसरा पॅटर्न मी ओतायला देण्याआधी गुपचूप मोजला. या वेळी एकाच्या जागी दोन सूत जास्त. मोट्या पट्टीने कापून वर हिशेबाचं सूत आणखी दिलं होतं. मी पॅटर्न पिशवीत घातला आणि त्यांच्या घरी गेलो. भांडायलाच गेलो होतो, खरं सांगतो. मला राग आला की मला मागचंपुढचं दिसत नाही.

ते पडवीत पाठमोरे उभे होते. दोन्ही हातांत दोन पट्ट्या. एक दुसरीवर ठेवत होते, टोकं जुळवत होते, मग बाजूला करून पुन्हा बघत होते. यातली मोटी कुठली, ते त्यांना ठरवता येत नव्हतं. एका बाजूची टोकं जुळवली की दुसऱ्या बाजूला उरलेला फरक बोटाला लागतो, इतकं ते साधं आहे. पण ते फरक शोधायचे, सापडायचा, आणि पट्ट्या टेबलावर ठेवल्या की हरवायचा. माझी चाहूल लागली तशा त्यांनी पट्ट्या पटकन खिशात घातल्या, पोरानं बिडी लपवावी तशा.

"विनुभाई! या, या," म्हणाले. "चाय पिणार?"

मी चहा प्यालो. पिशवी उघडलीच नाही.

जाताना हेतल फाटकापर्यंत आली. ती गुजरातीत बोलली, मी मराठीत लिहितो. "विनुकाका, तुमच्या लक्षात आलं ना? पप्पा गॅस चालू ठेवतात, पुन्हा आंघोळीला जातात. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार." मी विचारलं, पडवीतलं सामान काढून ठेवायचं का. तिने माझा हातच धरला. "नका. टेबलाशी उभे असतात तेवढा वेळ ते पप्पा असतात. तुम्ही काम देणं बंद केलंत तर ते खुर्चीत बसून राहतील. चुकलं तरी चालेल, काका. त्यांना खोटुं लागेल असं काही बोलू नका."

मी फिटर माणूस. चुकीच्या मापाला जन्मात कधी बरोबर म्हटलं नाही. साहेबांना म्हटलं नाही, सासऱ्यांना म्हटलं नाही. त्यापायी दोनदा बढती हुकली, आणि त्याचा मला अभिमान होता. आता माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. हे खोटुं आहे म्हणून त्यांचं टेबल बंद करायचं, किंवा आमच्या मराठीतलं खोटं बोलायचं.

शैलाने तिसरी वाट काढली. म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून करा की. बोलता तसंच." आम्ही आयुष्यभर एकमेकांच्या भाषेत बोललो, तसं एकमेकांच्या कामात हात घालायचा, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी मी पडवीत गेलो आणि त्यांना सांगितलं, की माझ्या हाताला काही काम नाही, घरी शैला ओरडते, मला इथे बसू द्या. साध्या पट्टीने मोजायचं मी घेतलं. मी माप मोठ्याने सांगायचं, त्यांनी मोट्या पट्टीने कापायचं. साधी पट्टी माझ्या हातून खाली ठेवायची नाही, हा माझा नियम. त्यांच्याकडे एकच पट्टी राहिली, तेव्हा चुकायला जागाच उरली नाही. हात मात्र त्यांचाच होता, आणि हाताला सगळं येत होतं. पटाशी सागवानावरून अशी जायची की तिला रस्ता पाठ असावा. कोपऱ्यात मेण भरून अंगठा फिरवताना ते गुणगुणत होते. इतकं सुख मला माझ्या कुठल्याच कामात झालेलं नाही.

तो अर्धचंद्र बसला. खाचेत गेला, सरकला, थांबायचा तिथे थांबला. दसऱ्याला आम्ही बेनसॉला झेंडूचा हार घातला, पट्ट्याला हळदकुंकू लावलं. कांतिभाईंनी फाफडा-जलेबी आणली होती, शैलाने आपट्याची पानं ठेवली. ते म्हणाले, "आमचा मशीनचा पूजा विश्वकर्मा तेरसला असतो. पण तुमचा दसरा बी चालेल." मी बटण दाबलं. करवत कुरकुर न करता घुमायला लागली. मी टेबल तिरकं केलं आणि त्यांनी सागवानाचा तुकडा लावला. उतरती कड एका दमात निघाली. त्यांनी तो तुकडा उचलून गालाला लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण आजाराला दसरा-दिवाळी समजत नाही.

आधी त्यांचं मराठी गेलं. मला वाटलं, थकलेत म्हणून गुजराती बोलतात. मग कळलं, मराठी त्यांना आता सापडतच नाही. माणूस उशिरा शिकलेलं आधी विसरतो म्हणे. मी सवयीने माझ्या मोडक्या गुजरातीत बोलत राहिलो. आता त्यांना हसू यायचं नाही, कारण ती मोडकी आहे हेही त्यांना आठवत नव्हतं. मग बेनसॉ पुरा झाला हे ते विसरले. एका सकाळी ते आमच्या फाटकाशी उभे, हातात सागवानाचा ताजा अर्धचंद्र. "बराबर छे?" माझ्या पाठीमागे, अंगणात, त्यांच्या पडवीत न मावलेला बेनसॉ उभा होता, त्यांच्याच अर्धचंद्रावर. मी पट्टी आणली, मोजल्यासारखं केलं आणि म्हणालो, "बराबर छे, कांतिभाई." ते खूश होऊन गेले. काही दिवसांनी पुन्हा आले, पुन्हा नवा अर्धचंद्र. मग येतच राहिले. कधी सुताने कमी, कधी दोन सुतांनी जास्त, आणि कधी, देव जाणे कसा, अगदी अचूक. मी सगळ्यांना बराबर म्हटलं. पोर्चच्या भिंतीशी ते अर्धचंद्र रचले गेले, गाडी उभी राहायला होती ती उरलीसुरली जागाही गेली.

शैला एकदा म्हणाली, "तुम्हाला त्रास होतो ना असं बोलताना?" मी तिच्यावर खेकसलो. त्रास तर होतच होता. त्यांनी आयुष्यात माझी एक चूक झाकली नव्हती, ओळखीच्या पहिल्याच मिनिटाला तोंडावर सांगितली होती. म्हणूनच तर मैत्री टिकली. आणि मी त्यांच्या हातात रोज एक गोड खोटं ठेवत होतो. पण हेतल कोपऱ्यावर उभी असायची. ते परत जाताना तिच्याकडे बघून हात हलवायचे, तेव्हा ती मला लांबूनच नमस्कार करायची. मग माझ्याने दुसरं काही बोलवायचं नाही.

या वर्षी, उन्हाळा सरत आला होता तेव्हाची ही सकाळ. मी पोर्चमध्ये एका रंधा मशीनचा गंज काढत होतो. कांतिभाई आले, पण नेहमीसारखे आत आले नाहीत. फाटकाबाहेर चपला नीट जोडून उभे राहिले. हेतल कोपऱ्यावर होतीच. त्यांनी हात जोडले. "जय श्री कृष्ण. आपण फिटर आहात ना?" हे गुजरातीतच, आणि इतक्या अदबीने की मी हातातला ब्रश खाली ठेवला. ते मला ओळखत नव्हते.

मी म्हटलं, हो, फिटर आहे.

"मग एक मेहेरबानी करा," ते म्हणाले आणि अर्धचंद्र पुढे केला. "इथेच कुठेतरी माझे एक मित्र राहतात, विनुभाई. महाराष्ट्रीयन आहेत. त्यांच्या बेनसॉसाठी हा केलाय. पण त्यांच्याकडे न्यायच्या आधी जरा मोजून द्या."

मी म्हटलं, "त्यांनाच दाखवा ना. ते मोजतील."

त्यांनी मान हलवली. "माणूस तापट आहे, पण माझ्यावर फार जीव आहे त्यांचा. मी काहीही नेलं तरी ते बराबरच म्हणतात. मला खोटुं लागू नये म्हणून म्हणत असतील, असं मला हल्ली वाटतं. तुम्ही परके आहात. तुम्ही साचं सांगाल."

मी पट्टी आणायला आत गेलो. शैला दारातच होती, तिने सगळं ऐकलं होतं. मी साधी पट्टी घेऊन बाहेर आलो, अर्धचंद्र रंधा मशीनच्या टेबलावर ठेवला आणि मोजला. या वेळी मोजल्यासारखं केलं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उंची, मग जाडी, नोकरीत मोजत होतो तसं मोजलं. ते बाजूला उभे राहून माझ्या बोटांकडे बघत होते.

"खोटुं छे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "सूत सोडायचं राहिलंय."

त्यांनी अर्धचंद्र उचलला. कोपऱ्यातल्या मेणावरून अंगठा फिरवला. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. खूप दिवस ठणकणारा दात निघाल्यावर वाटतं तसं काहीतरी होतं. "मला वाटलंच होतं," ते हळूच म्हणाले. "किती दिवसांपासून वाटत होतं." अर्धचंद्र काखेत धरून त्यांनी पुन्हा हात जोडले, जायला वळले, आणि दोन पावलांवर थांबले.

"भाई," ते म्हणाले, "हे विनुभाईंना सांगू नका हं. त्यांना फार वाईट वाटेल."

"नाही सांगणार," मी म्हणालो.